कुलूपताईंची बाथरूमं

ऑफिसात समोर तिला सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे कुलूपताई. हे तिला माहीत होतं. एकदा चहा घेताना कुणाच्या तरी तोंडून ते निसटलं, बोलणाऱ्यानं जीभ चावली, आणि ताईनं काहीच न ऐकल्यासारखा आपला कप विसळून उपडा घातला. तिला राग आला नव्हता. नाव खरं होतं, त्यामुळे त्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं.

ऑफिस इमारतींचे नकाशे करणारं होतं. पूर्वी एका इमारतीचा कागदांचा ढीग असे, आता एक फाइल असते. आतल्या बंद खोलीत एक मोठा कॉम्प्युटर दिवसरात्र चालू असतो, त्यावर ही मूळ फाइल. सकाळी आल्यावर ज्यानं त्यानं तिची प्रत आपल्या टेबलावर उतरवून घ्यायची आणि कामाला लागायचं. सेव्ह दाबलं की केलेलं काम आपल्या प्रतीत राहतं. सिंक दाबलं की ते मूळ फाइलीत जातं आणि बाकीच्यांनी केलेलं आपल्याकडे येतं. यात एक मेख आहे. कुठल्याही भिंतीला, दाराला, पायरीला हात लावला की ती गोष्ट हात लावणाऱ्याच्या नावावर चढते. तो सिंक करून ती सोडत नाही तोवर दुसऱ्या कुणाला ती इंचभर सरकवता येत नाही.

बाकीचे लोक जेवायला उठताना एकदा आणि घरी निघताना एकदा सिंक करत. ताई सेव्ह उठसूट करायची, सिंकच्या मात्र वाटेला जायची नाही. इतरांनी बदललेलं ती रोज सकाळी आपल्या जुन्याच प्रतीत ओढून घेई, तेवढं सिंक न करताही जमायचं. आपलं द्यायची वेळ आली की हात आखडे. कुणी जिना थोडा हलवायला जावं तर पडद्यावर पाटी यायची की हा जिना ताईंकडे आहे. मग तो माणूस खुर्ची फिरवून विचारायचा, आणि ताई पडद्यावरची नजर न काढता म्हणायची, "देते, थोडं राहिलंय." ते थोडं कधी कधी आठवडाभर राहायचं. ताई सुटीवर गेली की ऑफिसात विनोद व्हायचा की चला, आता पुढच्या सोमवारपर्यंत या इमारतीला जिना नाही.

यात आडमुठेपणा नव्हता. अर्धवट काम दुसऱ्याच्या नजरेला पडणं तिला सहन होत नसे. तिची आई कपडे शिवायची. बायका माप द्यायला येत, येता येता मशीनवरचं दुसरीचं पोलकं उचलून बघत आणि बाही लावायच्या आधीच बाहीबद्दल मत देत. कुणाची चाहूल लागली की आई मशीनवर चादर टाकायची. लेकीनं हे लहानपणापासून पाहिलं होतं. पुढे ती नकाशे काढायला लागली तेव्हा शाईचे दिवस होते. मुख्य ड्राफ्ट्समन मागे येऊन उभा राहिला की ती हातातल्या कागदावर कोरा कागद पसरायची. घरीही तीच तऱ्हा. नोकरी बदलली तेव्हा नवऱ्याला तिनं ते नव्या नोकरीचा पहिला दिवस भरल्यानंतर सांगितलं. तो शांत माणूस. त्यानं एवढंच विचारलं, की आता डबा किती वाजता लागेल.

घरात हे दोघं आणि सासरे. सासऱ्यांनी जन्मभर बस चालवली होती. निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि डावा हात, डावा पाय दुबळा झाला. चार पायांची काठी उजव्या हातात धरून ते घरात फिरत. बोलणं शाबूत होतं, आणि ते भरपूर होतं.

एका सकाळी ते बाथरूममध्ये पडले. पडले ते नेमके दाराला टेकून. दार आत उघडणारं, त्यामुळे बाहेरून ढकललं की ते त्यांच्याच पाठीला लागायचं. आतून ते सांगत होते की मला काही झालेलं नाही, घाई करू नका. नवऱ्यानं शेवटी बिजागऱ्यांचे स्क्रू काढून दार बाहेर ओढलं. लागलं फारसं नव्हतं. पण त्या पाऊण तासात ताईनं दाराच्या फटीतून त्यांच्या हाताची बोटं पाहिली होती. तोंडानं ते धीर देत होते आणि बोटं फरशी चाचपत होती. त्याविषयी ती कुणाशी बोलली नाही.

त्यानंतर काही दिवसांनी ऑफिसात नवं काम आलं. वृद्धनिवास. लांबट इमारत, प्रत्येक मजल्यावर खोल्यांची रांग, प्रत्येक खोलीला बाथरूम. ढोबळ आराखडा मोठ्या मॅडमनी केला होता. मोठ्या मॅडम म्हणजे ऑफिसच्या मालकीण, नाकासमोर काम करणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. खोल्या आणि बाथरूमं त्यांनी ताईकडे दिली. बाथरूमं नियमात बसणारी होती, ताईनं फक्त तपशील भरायचे होते.

तिनं पहिल्याच दिवशी दार बाजूला सरकणारं केलं. मग तिच्या लक्षात आलं की दार सरकवलं तरी आत शिरल्यावर वळायला जागा पुरत नाही. मग कमोड हलला, त्यामागून बेसिन, त्यामागून भिंत. हे सगळं तिच्या प्रतीत चाललं होतं. मूळ फाइलीत जुनीच बाथरूमं होती आणि त्यांच्यावर ताईचं नाव.

घरी तिनं हॉलमधलं सामान भिंतीला सारलं आणि फरशीवर रंगीत चिकटपट्टीनं बाथरूम आखलं. कमोडच्या जागी स्टूल, बेसिनच्या जागी उभी खुर्ची. सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, जरा यात जाऊन या."

सासऱ्यांना हे काम मनापासून आवडलं. काठी टेकत ते आत शिरले, वळले, बसले, उठले, आणि परीक्षकाच्या थाटात बोलू लागले. "तू पुढचं चाक बघतेस," ते म्हणाले. "वळताना पुढचं बघायचं नसतं, शेपूट कुठे जाते ते बघायचं." त्यांची शेपूट म्हणजे मागे फरफटणारा डावा पाय. ताईनं पट्टी उचलून वीतभर पलीकडे लावली. दुसऱ्या दिवशी तेवढंच पडद्यावर हलवलं. असं बरेच दिवस चाललं. नवरा हॉलमधून जाताना पट्ट्या ओलांडून जाई. एकदा त्यानं फोनवर कुणाला तरी सांगितलं की बाबा सध्या बाथरूममध्ये आहेत, आणि सासरे समोर स्टुलावर बसून पेपर वाचत होते.

बाथरूम एकदाचं नीट बसलं. सासरे एकटे आत जाऊन कुठेही न अडखळता बाहेर आले. ताईनं तसंच बाथरूम पडद्यावर सगळ्या खोल्यांना लावलं. आता फक्त फरशांचे सांधे, आरशाची उंची, साबणाचा कोनाडा, एवढं राहिलं होतं. ते झालं की ती दाखवणार होती.

त्याच फाइलीत आणखी एकजण काम करत होते. पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप बसवणारे इंजिनिअर. ऑफिस त्यांना नळराजे म्हणे. ते नेमके, हळू बोलणारे होते आणि प्रत्येक सिंकबरोबर काय केलं त्याची ओळ लिहायचे, जी कुणी वाचत नसे. पाइप टाकायला घेण्याआधी ते ताईच्या टेबलाशी आले होते.

"ताई, बाथरूममध्ये काही बदलणार आहे का?"

"थोडंसं," ताई म्हणाली.

त्यांनी वाट पाहिली. ती आणखी काही बोलली नाही, तेव्हा ते मान हलवून गेले. मूळ फाइलीत दिसणाऱ्या बाथरूमांप्रमाणे त्यांनी पाइप टाकायला सुरुवात केली. ते पाइप रोज सकाळी ताईच्या प्रतीतही येत होते. पण तिनं तिच्या पडद्यावर पाइप दिसणं बंद करून ठेवलं होतं. पाइपांनी चित्रात फार गिचमिड होते असं तिचं म्हणणं.

मग फाइल जड झाली. उघडायला वेळ घेऊ लागली, मधेच गोठू लागली. मॅडमनी सांगितलं की शुक्रवारी संध्याकाळी मूळ फाइल साफ करून नव्यानं ठेवायची आहे. त्याआधी सगळ्यांनी सिंक करून सगळं सोडायचं, ज्याचं राहील त्याची प्रत निकामी होईल. ताईनं सोमवारपर्यंत मुदत मागितली. मॅडम म्हणाल्या, ताई, तुमच्या एकटीसाठी सगळे थांबणार नाहीत.

शुक्रवारी दुपारी तिनं सिंक दाबलं. पडद्यावरची पट्टी पुढे सरकेना. बाकीच्यांचे कॉम्प्युटरही ताटकळले, लोक खुर्च्या मागे ढकलून चहाला गेले. मग सूचनांचा पाऊस सुरू झाला. हा पाइप कशालाच जोडलेला नाही. ही भिंत या पाइपातून जाते. ताईनं एकेक वाचली, मग वाचणं सोडलं आणि नुसतं ओके ओके दाबत राहिली.

सोमवारी नळराजेंनी फाइल उघडली. त्यांनी टाकलेले उभे पाइप खोल्यांच्या मधोमध लोंबकळत होते. सांडपाण्याचा एक जाड पाइप तर पलंगाच्या उशाशी उगवला होता. टेबलाभोवती माणसं जमली, हसली, मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून पांगली. नळराजे सकाळभर एकामागून एक बाथरूमं उघडून बघत बसले.

दुपारी मॅडमनी दोघांना आपल्या खोलीत बोलावलं. ताईनं सगळं सांगितलं: दार का सरकतं, वळायला किती जागा लागते, जुन्या आराखड्यात माणूस कसा अडकतो. तिनं तयारी केली होती आणि ती चांगलं बोलली. मॅडमना ते पटत चाललंय असं दिसत होतं. त्यांनी नळराजेंना विचारलं, की पाइप नव्यानं टाकायला किती त्रास आहे?

नळराजे म्हणाले की त्रास आहे, पण तो नंतर बघू. मग ते ताईकडे वळले.

"ताई, हा माणूस कोण?"

"कोणता माणूस?"

"ज्याच्यासाठी ही बाथरूमं केलीत तो. त्याचा डावा हात चालत नाही ना?"

ताईनं होकारार्थी मान हलवली.

नळराजेंनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. प्रत्येक बाथरूममध्ये आधाराचा दांडा उजव्या हाताला. आत शिरून वळायचं ते उजवीकडेच. डावीकडे भिंत. जुन्या आराखड्यात शेजारशेजारची दोन बाथरूमं एकमेकांच्या आरशातल्या प्रतिबिंबासारखी होती, एक उजवं, एक डावं. दोघांचे पाइप मधल्या एकाच पोकळीतून उतरत. "ते मी पाइपांसाठी मागितलं होतं," ते म्हणाले, "पण त्यात निम्म्या लोकांची सोय होती. आता सगळी एकाच बाजूची झाली. माझ्या आईचा उजवा हात गेलाय. ती यात शिरली तर तिला बाहेर येता येणार नाही."

ते चढ्या आवाजात बोलले नव्हते. ताईला मात्र ते लख्ख दिसलं. पंधरवडे घालवून जी गोष्ट तिनं पारखून पारखून केली होती ती खरोखर चांगली झाली होती, एका माणसाला. कुणीही, अगदी जाता जाता तिच्या खांद्यावरून बघणारा कुणीही, हे तिला दुसऱ्या दिवशीच सांगू शकला असता.

मॅडमनी निर्णय दिला. जुनी बाथरूमं आधीच्या प्रतीतून परत आणायची. ताईनं केलेलं बाजूला ठेवायचं, फेकायचं नाही. आठवड्यात दोघांनी मिळून काय ते ठरवा.

घरी सासरे पट्ट्यांशेजारी खुर्ची टाकून वाट बघत होते. त्यांनी विचारलं, "पास झालो का?"

"तुमच्यापुरते पास," ताई म्हणाली आणि काय झालं ते सांगितलं. सासऱ्यांनी काठी जवळ ओढली. मग म्हणाले, त्यात काय, मी डावीकडून वळून दाखवतो. तिनं नको नको म्हणेपर्यंत ते उठून आत शिरलेही. अर्ध्या वळणावर डावा पाय दुमडला. ताईनं त्यांना काखेत धरलं आणि दोघंही हळूहळू फरशीवर बसली. तिच्या खांद्यावर भार टाकून ते धापा टाकत होते. "नाही जमत," ते म्हणाले. आजारी पडल्यापासून हे शब्द त्यांच्या तोंडून तिनं प्रथमच ऐकले.

दुसऱ्या दिवशी ती नळराजेंच्या टेबलाशी गेली. आईंना आमच्याकडे आणाल का, असं तिनं विचारलं. बोलावणं विचित्र होतं. हॉलमध्ये चिकटपट्टीचं बाथरूम आहे हे सांगताना तिची जीभ अडखळली. नळराजे म्हणाले, विचारतो. ती कुठे जायला तयार नसते.

रविवारी आई नळराजेंबरोबर आल्या. शाळेत गणित शिकवलेल्या, बारीक अंगाच्या, डाव्या हातात काठी. सासऱ्यांनी त्या दिवशी दाढी करून इस्त्रीचा शर्ट घातला होता. पाहुण्या पट्ट्यांच्या आत शिरताच त्यांनी मार्गदर्शनाला सुरुवात केली.

"आता थोडं रिव्हर्स घ्या. घ्या, घ्या, मागे जागा आहे."

"मी बस नाहीये," आई म्हणाल्या.

"बस असतात तर सोपं होतं, आरसे असते."

आईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि रिव्हर्स घेतलं. नवरा स्वयंपाकघरात जाऊन हसून आला. ताई गुडघ्यांवर बसून पट्ट्या उचलत होती, लावत होती, आणि तिच्या डोक्यावर चौघं माणसं एकाच वेळी मतं देत होती. मधेच तिच्या लक्षात आलं की आपण हातातला कागद झाकलेला नाही. तिला ते आवडलं असं नाही. पण थांबायला सवड नव्हती, कारण आई स्टुलावर बसल्या होत्या आणि म्हणत होत्या की इथून नळाला हात पोचत नाही. सासऱ्यांनाही बसवून बघितलं. त्यांचाही पोचत नव्हता. एवढे दिवस ते तसेच उठत होते आणि त्यांना ते सांगावंसं वाटलं नव्हतं. बेसिन पुढे आलं.

सोमवारी ताईनं नवीन प्रत उतरवली, जोडीतल्या दोन बाथरूमांत दार आणि दांडे बदलले, आणि जेवणाची सुटी व्हायच्या आत सिंकवर बोट नेलं. शेरा लिहायच्या चौकटीत तिनं लिहिलं: अर्धवट आहे. बेसिनची जागा ठरायची आहे. मधली पोकळी हलवलेली नाही. मग दाबलं, आणि लगेच उठून जिन्यातल्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली गाड्या लावायच्या जागेत कुणीतरी गाडी पुसत होतं. ती ते बघत राहिली. परत आली तेव्हा नळराजेंचा शेरा आलेला होता: पाइप तसेच ठेवले. बेसिन वीतभर डावीकडे चालेल का?

तिला ज्याची भीती होती ते सगळं झालं. लोक येऊन बोलून गेले. एकजण म्हणाला दांडा फार हॉस्पिटलसारखा दिसतो. एकीनं कोनाडा कशाला म्हणून विचारलं, जो ताईनं अजून नीट काढलाही नव्हता. कधी कधी तिला वाटे, मशीनवर चादर टाकणारी आई शहाणी होती. पण ती रोज सिंक करत राहिली, दात आवळून, पुढे पुढे तेवढे न आवळता. मतांपैकी बरीचशी बिनकामाची होती, काही कामाची निघाली. बाथरूमं जोडीजोडीनं ठरली, ताईची रुंदी आणि सरकतं दार घेऊन, नळराजेंची पोकळी जागेवर ठेवून. मॅडमनी एकदा सगळं फिरून पाहिलं आणि म्हणाल्या, ठीक. त्यांच्याकडून ठीक म्हणजे पुष्कळ. ऑफिसातलं नाव मात्र बदललं नाही. एकदा चिकटलेलं नाव कारण संपलं म्हणून उतरत नाही.

पाहुण्या आई नंतरही अधूनमधून येत राहिल्या. पट्ट्या केव्हाच निघाल्या होत्या. त्या आणि सासरे पत्ते खेळत, एक उजव्या हातानं, एक डाव्या, आणि पिसायची वेळ आली की कुणाला तरी हाक मारत.

इमारत बांधून झाली. ताईनं सासऱ्यांना दाखवायला नेलं. त्यांनी दोन्ही बाजूंच्या बाथरूममध्ये फेरी मारली, उजवं पास केलं आणि डाव्याबद्दल मला बोलायचा अधिकार नाही म्हणाले. इथे राहायला यायचं का, असं बरोबर आलेल्या त्यांच्या मुलानं गमतीनं विचारल्यावर ते म्हणाले की छे, इथे सगळे म्हातारे असणार.

लोक राहायला आल्यानंतर काही महिन्यांनी व्यवस्थापकाची तक्रार आली. सरकत्या दाराच्या खालच्या खाचेत साबणाचा चोथा आणि केस साचतात, दारं अडतात. ताई आणि नळराजे बघायला गेले. तक्रार खरी होती. खाच वर घ्यायला हवी होती, हे त्या रविवारी पाचांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. नळराजे खाली बसून खाच खरवडून बघत होते, तेवढ्यात खोलीतल्या आजीबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आधाराच्या दांड्यावर त्यांचे धुतलेले मोजे वाळत घातले होते.

ताईनं त्यांना विचारलं की बाथरूम कसं वाटतं.

"चांगलं आहे," त्या म्हणाल्या. "पण केवढं थोरलं केलंय. थंडीत आंघोळीला गेलं की काकडून जायला होतं. एवढ्यात आमच्या घरी एक खोली झाली असती."

"हो," ताई म्हणाली. "जरा मोठं झालंय."

आजीबाईंनी दांड्यावरचे मोजे उलटून वाळत घातले. नळराजे उठून हात धुवायला बेसिनकडे गेले, आणि ताई दार एकदा इकडून तिकडे सरकवून कुठे अडतं ते बघू लागली.